दाट जंगलातल्या शिकारीसाठी स्कोप: आधी खालचा आकडा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने .३०८ विंचेस्टर गोळीची बोल्ट ॲक्शन रायफल (प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची) घेतली आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या हरणांच्या मोसमात ते उत्तरेला, ॲलिगेनी नॅशनल फॉरेस्टच्या बाजूला जाणार आहेत. दुकानदार ४-१६×५० स्कोप (रायफलीवर बसवायचं, दुर्बिणीसारखं नेमाचं भिंग; आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो) घ्या म्हणतो. बरोबर जाणारा शेजारी म्हणतो, दाट झाडीत स्कोप हवाच कशाला, साध्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, नेम धरायचा. खिशात ४०० डॉलर आहेत. काय घ्यावं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. १.५-५×२० किंवा २-७×३३ या जातीचा साधा, हलका स्कोप घ्या. रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या तारा, जाड असू द्या, आणि स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा जमतील तितक्या बुटक्या लावा. ४-१६×५० दुकानातच राहू द्या. तो वाईट नसतो, पण तो दुसऱ्या कामाचा आहे: पश्चिमेकडच्या उघड्या माळावर, तीनशे-चारशे यार्डांवर. शेजाऱ्याचं म्हणणं निम्मं खरं आहे, त्याकडे पुढे येतो.

तिकडचं जंगल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उत्तर पेन्सिल्व्हेनियात उंच मॅपल, चेरी आणि बीचची झाडं आहेत, ओढ्यांच्या काठाने हेमलॉकची गडद सावली आहे, आणि उतारांवर माउंटन लॉरेलची झुडपं माजलेली असतात. लॉरेल म्हणजे आपल्याकडची करवंदीची जाळी समजा, फक्त काटे नाहीत. डिसेंबरात मोठ्या झाडांची पानं गळून गेलेली असतात, पण बीचची कोवळी रोपटी आपली सुकी पानं वसंतापर्यंत सोडत नाहीत. त्या पानांचा फिका तपकिरी रंग आणि हिवाळ्यातल्या हरणाच्या अंगाचा रंग शेजारी ठेवले तर फरक सांगणं अवघड. अशा ठिकाणी अख्खं हरीण कधीच दिसत नाही. आधी कानाची हालचाल दिसते, मग झाडांच्या उभ्या रेषांमध्ये एक आडवी रेषा, ती पाठ असते, आणि मग कधीतरी डोळा. अंतर तीस-चाळीस यार्ड, फार तर सत्तर. एक यार्ड म्हणजे तीन फूट. हे अंतर डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण स्कोपच्या जाहिराती जवळजवळ नेहमी लांबच्या अंतराविषयी बोलतात.

स्कोपवरचे आकडे वाचायचे कसे, ते माहीत नसेल तर: ३-९×४० म्हणजे चित्र ३ पटीपासून ९ पटीपर्यंत मोठं करता येतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. दुकानात गिऱ्हाईक बहुधा मधला आकडा विचारतं, नऊ की बारा की सोळा. झाडीत शिकार करणाऱ्याने पहिला आकडा विचारावा. कारण पहिल्या आकड्यावर ठरतं की बंदूक खांद्याला लागली त्या क्षणी तुम्हाला काय दिसणार.

याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात, म्हणजे स्कोपमधून एका वेळी किती रुंद पट्टा दिसतो ते. कंपन्या हा आकडा १०० यार्डांवरचा देतात. साधारणपणे ९ पॉवरला (म्हणजे चित्र ९ पट मोठं असताना) १४ फूट, ४ पॉवरला २७ फूट, ३ पॉवरला ३३ फूट, २ पॉवरला ४४ फूट आणि दीड पॉवरला ७० फुटांच्या आसपास. अंतर कमी झालं की हा पट्टा त्याच प्रमाणात आकसतो. म्हणजे ४० यार्डांवर ९ पॉवरच्या स्कोपमधून साडेपाच फुटांचा तुकडा दिसतो. वयात आलेलं व्हाइटटेल हरीण नाकापासून शेपटीपर्यंत पाच-सहा फुटांचं. स्कोपभर नुसते केस दिसतात. खांदा कुठला आणि पुठ्ठा कुठला हेही कळत नाही, आणि हरीण दोन पावलं पुढे सरकलं की चित्रात फक्त झाडाची साल उरते. मग माणूस स्कोपवरून डोकं वर काढतो, पुन्हा शोधतो, पुन्हा डोकं खाली घालतो. एवढी हालचाल हरणाला पुरते. शेपटीचा पांढरा झेंडा वर करून ते लॉरेलमध्ये गेलेलं असतं.

दुकानदाराचा ४-१६ सर्वांत खाली आणला तरी ४ वर थांबतो. ४० यार्डांवर ११ फूट, २० यार्डांवर साडेपाच फूट. उभ्या, निवांत हरणासाठी हे चालून जाईल, पण चालत्या हरणाला नाही. तेच दीड पॉवरला ४० यार्डांवर २८ फूट रुंदी मिळते. हरीण, त्याच्या आजूबाजूची झाडं, ते ज्या फटीकडे निघालंय ती फट, त्याच्या मागे आणखी एखादी मादी उभी आहे का, सगळं एका नजरेत येतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बंदूक वर आणता येते. झाडीत हाच एक गुण मला बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो, आणि स्कोप निवडताना पैसे, ब्रँड, दिवे-बटणं सगळं त्याच्यानंतर येतं.

इथे एक शंका हमखास येते: मग शिंगं कशी मोजायची? पेन्सिल्व्हेनियात २००२पासून शिंगांचा नियम आहे. राज्याच्या बहुतेक भागात प्रौढ शिकाऱ्याने नर मारताना एका बाजूच्या शिंगाला किमान ३ टोकं असल्याची खात्री करावी लागते, काही पश्चिमेकडच्या विभागांत मोजण्याची पद्धत थोडी वेगळी आहे. ही टोकं मोजायला मोठी पॉवर हवी, असं दुकानात सांगतात. टोकं मोजायला दुर्बीण हवी. ८×४२ किंवा ७×३५, जी असेल ती, गळ्यात. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. स्कोप रायफलीवर बसवलेला असतो, म्हणजे स्कोपमधून जिकडे बघाल तिकडे नळी रोखलेली असते. झाडीत काहीतरी हललं म्हणून स्कोप लावून बघितलं आणि ते हरीण नसून दुसरा शिकारी निघाला, तर तुम्ही एका माणसावर भरलेली रायफल रोखलेली आहे. मोसमात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झळझळीत नारिंगी रंग घालणं बंधनकारक आहे, पण लॉरेलच्या आड वाकून बसलेल्या माणसाचा तो नारिंगी किती दिसेल याचा भरवसा नाही. आधी डोळा, मग दुर्बीण, ओळख पक्की झाली की मगच रायफल.

आता उजेड. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. हरणं बाहेर पडतात ती नेमकी या कडेच्या वेळांना. त्यात हेमलॉकखाली साडेचारलाच दिवेलागण झाल्यासारखं होतं. म्हणून लोकांना वाटतं की मोठं भिंग, जास्त उजेड. ५० मिलिमीटरचा स्कोप विकला जातो तो याच समजुतीवर.

हिशोब साधा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल स्कोपच्या मागून डोळ्यात शिरतो. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ५० मिलिमीटर भागिले ४ म्हणजे साडेबारा. पण अंधारात माणसाची बाहुली तरुणपणी फार तर ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५च्या आसपास. साडेबारातला वरचा उजेड भुवईवर आणि गालावर पडून वाया जातो. उलट ३३ मिलिमीटरचं भिंग ४ पॉवरला सव्वाआठ देतं, २० मिलिमीटरचं भिंग अडीच पॉवरला ८ देतं. म्हणजे झाडीत ज्या पॉवरवर तुम्ही स्कोप ठेवणार, त्या पॉवरवर छोटं भिंगसुद्धा तुमचा डोळा घेऊ शकेल त्यापेक्षा जास्तच उजेड पुरवतं. २० मिलिमीटरचा स्कोप ५ पॉवरवर नेलात तर मात्र ४ मिलिमीटरच उरतात. संध्याकाळी तो खालीच ठेवायचा.

भिंगाच्या व्यासापेक्षा भिंगावरचा लेप जास्त महत्त्वाचा. खोक्यावर 'फुली मल्टीकोटेड' लिहिलेलं असावं, म्हणजे हवेला लागणाऱ्या प्रत्येक काचेवर अनेक थरांचा लेप आहे. ३० मिलिमीटरची नळी एक इंची नळीपेक्षा जास्त उजेड देते हाही एक लाडका गैरसमज आहे. जाड नळीचा फायदा असतो तो आतल्या रेटिकलला वर-खाली सरकायला जागा मिळण्यात आणि मजबुतीत. साठ यार्डांवर त्या जागेचं काही काम नाही.

५० मिलिमीटरचं भिंग नुसतं निरुपयोगी असतं तरी मी एवढं बोललो नसतो. ते आडवं येतं. भिंग नळीला घासू नये म्हणून उंच रिंगा घ्याव्या लागतात. स्कोप उंच गेला की डोळा त्याच्या रेषेत आणण्यासाठी गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. गाल टेकलेला नसला की प्रत्येक वेळी डोळा थोडा वेगळ्या जागी येतो, स्कोपमध्ये काळी चंद्रकोर दिसते, आणि ती घालवण्यात तीन-चार सेकंद जातात. फटीतून जाणारं हरीण तेवढा वेळ थांबत नाही. बुटक्या रिंगा आणि दस्त्यावर घट्ट टेकलेला गाल या जोडीने जो वेग मिळतो तो कुठल्याही महाग भिंगाने मिळत नाही.

रेटिकलबद्दल नीट बोलायला हवं, कारण इथे आजकालचा बाजार झाडीवाल्यांच्या बाजूचा राहिलेला नाही. नव्या स्कोपमध्ये नाजूक तारा, त्यावर खुणा, खुणांवर आकडे असं सगळं जाळं असतं. लांबच्या नेमासाठी ते उपयोगी. झाडीत मात्र मागे आधीच काड्यांचं जाळं असतं. बीचच्या फांद्यांवर बारीक तार ठेवून बघा, कुठली तार आणि कुठली काडी, कळणार नाही. संध्याकाळी तर तार सरळ नाहीशी होते. झाडीला हवं ते जुनं, जाड ड्युप्लेक्स. ल्यूपोल्ड या स्कोप बनवणाऱ्या कंपनीने हा नमुना १९६२मध्ये आणला: बाहेरून चार जाड दांडे आत येतात आणि मध्यभागी बारीक होतात. उजेड इतका गेला की मधला बारीक भाग दिसेना, तरी चार जाड दांडे डोळ्याला मधोमध घेऊन जातात. जर्मन नंबर ४ रेटिकल त्याहून ठळक, त्यात तीनच जाड दांडे असतात आणि वरचा भाग मोकळा राहतो. दोन्हीपैकी कुठलंही घ्या.

फर्स्ट फोकल प्लेनचा स्कोप झाडीसाठी घेऊ नका. त्यात पॉवर कमी केली की रेटिकलही बारीक होत जातं. म्हणजे ज्या पॉवरवर तुम्ही दिवसभर असणार तिथेच ते सर्वांत क्षीण. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल कुठल्याही पॉवरला तेवढंच जाड दिसतं. शिकारीचे बहुतेक साधे स्कोप असेच असतात, तरी विचारून घ्या. मध्यभागी लाल ठिपका पेटणारं रेटिकल मिळत असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचा खरा उपयोग होतो, अट एवढीच की बॅटरी संपली तरी काळं रेटिकल दिसलं पाहिजे. थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात. आणि ठिपका सर्वांत मंद ठेवायचा. जास्त प्रखर केला की त्याच्या झगमगाटाने तुमची स्वतःची बाहुली आकसते, आणि ज्या उजेडासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो.

आता शेजाऱ्याचं बोलणं. त्यांचा मुद्दा वेगाचा आहे आणि तो खरा आहे. पेन्सिल्व्हेनियातले जुने शिकारी लिव्हर ॲक्शन .३०-३० किंवा रेमिंग्टन ७६० पंप (दोन्ही हाताने झटपट भरता येणाऱ्या रायफली) घेऊन आयुष्यभर हरणं मारत आले. रेमिंग्टनने ती पंप रायफल १९५२मध्ये काढली आणि त्या भागातल्या डीअर कॅम्पांमध्ये ती अजून दिसते. हाक्याच्या शिकारीत, म्हणजे काही माणसं झाडी तुडवत येतात आणि बाकीची पुढे उभी राहतात, तिथे हरीण पळत समोर येतं आणि उघडी माशी खरोखर चपळ असते. पण उघड्या माशीवर नेम धरताना डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी बघावं लागतं: मागची खाच, पुढची माशी आणि हरीण. पंचविशीत हे जमतं. चाळिशीचा चष्मा लागला की मागची खाच धूसर होते, ती होतेच. स्कोपमध्ये रेटिकल आणि हरीण एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याची कसरत संपते.

शेजाऱ्याच्या विरोधात दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. झाडीत एक जुनी समजूत आहे की जाड, संथ, बोथट गोळी काड्या तोडत सरळ जाते. 'ब्रश गन' हा शब्द त्यातूनच आला. हलक्या आणि जड गोळ्या काड्यांमधून मारून पाहण्याचे प्रयोग अनेकांनी अनेकदा केले आहेत. जड गोळीही वळते. काडी हरणाच्या अगदी लगत असेल तर वळण्याला अंतर मिळत नाही म्हणून नेम बिघडत नाही, पण काडी तुमच्या आणि हरणाच्या मध्ये असली तर गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण ८ इंचांचं वर्तुळ. गोळी वळून पोटात बसली तर ते जनावर तासन्‌तास तडफडत फिरतं आणि बऱ्याचदा सापडतही नाही. उघड्या माशीवर ती बोटभर जाडीची मधली फांदी दिसतच नाही. ३ पॉवरच्या स्कोपमध्ये ती दिसते. तिच्यावरचा बर्फसुद्धा दिसतो. आणि ती दिसली की चाप ओढायचा नाही, हरीण मोकळ्या फटीत यायची वाट बघायची. स्कोप घेण्यामागचं माझं सर्वांत मोठं कारण हेच आहे: त्याने नेम जितका सुधारतो त्याहून जास्त, कधी बार टाकायचा नाही ते कळतं.

या कारणासाठीच नुसता रेड डॉट, म्हणजे काचेवर फक्त नेमाचा लाल ठिपका दाखवणारं यंत्र, मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तो वेगवान आहे, हलका आहे, डोळा कुठेही असला तरी चालतो, हाक्याला उत्तम. पण तो मोठं करून दाखवत नाही, त्यामुळे ती फांदी दिसत नाही. शिवाय ज्यांना ॲस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या वक्रतेतला दोष) आहे, आणि चष्मेवाल्यांत तो अनेकांना असतो, त्यांना ठिपक्याऐवजी विस्कटलेली चांदणी दिसते. तपासायला सोपं आहे: रेड डॉटमधून मोबाइलने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आणि तुम्हाला वाकडा दिसत असेल तर दोष डोळ्यात आहे, यंत्रात नाही.

१-६×२४ जातीचे एलपीव्हीओ, म्हणजे १ पॉवरपासून सुरू होणारे कमी पॉवरचे स्कोप, हल्ली फार चालतात. पॉवर १वर असताना जवळजवळ रेड डॉटसारखे वागतात, वर नेले की स्कोप. झाडीसाठी कल्पना चांगलीच आहे. अडचण वजनाची. यातले बहुतेक १७ ते २० औंस आणि वर, त्यात माउंट वेगळा. २-७×३३ सारखा साधा स्कोप १०-११ औंसांत बसतो. दिवसभर लॉरेलमधून चढ-उतार करताना तो फरक खांद्यालाच नाही, बंदूक वर आणण्याच्या वेगालाही जाणवतो. शिवाय ४०० डॉलरमधला एलपीव्हीओ बहुधा काचेत काटकसर करून बनवलेला असतो. त्याच पैशात साधा स्कोप घेतला तर काच बरीच वरच्या दर्जाची मिळते. ब्रँडच्या वादात मी पडत नाही. ल्यूपोल्ड, व्होर्टेक्स, बरिस यांच्यापैकी ज्याचा खालच्या पॉवरचा नमुना दुकानात मिळेल तो बघा, हमी वाचा. जुना घ्यायलाही हरकत नाही. निकॉन २०१९च्या अखेरीस रायफल स्कोपच्या धंद्यातून बाहेर पडली, त्यांचे जुने स्कोप स्वस्तात दिसतात आणि काच चांगली असते, पण दुरुस्तीचा प्रश्न येऊ शकतो हे धरून किंमत ठरवा.

दुकानात स्कोप बघताना ट्यूबलाइटखाली भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघून काही कळत नाही, तिथे सगळेच स्कोप छान दिसतात. संध्याकाळी जा. दुकानदाराला विचारून, सुटा स्कोप हातात घेऊन दारातून बाहेरच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघा: कचऱ्याच्या डब्यामागची जागा, गाडीखालची सावली. स्कोप सर्वांत खालच्या पॉवरवर ठेवा. सावलीतलं काय दिसतं, कडेला चित्र धूसर होतं का, रेटिकल गडद भागावर ओळखू येतं का, एवढं पाहा.

पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की रेटिकलही लक्ष्यावर सरकल्यासारखं दिसण्याची, धास्ती बाळगू नका. रायफलीचे साधे स्कोप कारखान्यात १०० किंवा १५० यार्डांवर जुळवलेले असतात, म्हणून जवळच्या अंतरावर डोळा बाजूला गेला तर नेम चुकतो असं सांगतात. चुकतो किती? १०० यार्डांवर जुळवलेल्या ४० मिलिमीटरच्या स्कोपमधून ३० यार्डांवर, डोळा अगदी कडेला असला तर, जास्तीत जास्त १४ मिलिमीटर. २० मिलिमीटरच्या भिंगात ७. आठ इंचांच्या वर्तुळात हे कुठेच लागत नाही. बाजूला पॅरॅलॅक्सचं बटण असलेल्या स्कोपसाठी जादा पैसे देऊ नका.

बसवण्याचं काम घाईत उरकू नका. आय रिलीफ म्हणजे डोळा आणि मागच्या काचेमधलं अंतर, साधारण साडेतीन ते चार इंच. .३०८चा धक्का बेताचा असला तरी स्कोप जवळ बसला तर मागची कड भुवई फोडते, आणि चढावर वर नेम धरताना तर हमखास, कारण तेव्हा डोकं पुढे जातं. हे अंतर जास्तीत जास्त पॉवरवर तपासायचं, बऱ्याच स्कोपमध्ये ते तिथे सर्वांत कमी असतं. आणि तपासताना अंगावर तेच जाड जॅकेट हवं जे डिसेंबरात घालणार आहात. सप्टेंबरात टी-शर्टवर बसवलेला स्कोप डिसेंबरात अर्धा इंच लांब गेलेला असतो, कारण जाड कपडा दस्ता पुढे ढकलतो. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, डोळे मिटा, खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. अख्खा गोल स्वच्छ दिसला पाहिजे, कडेला काळं नको. दिसत नसेल तर मान हलवू नका, स्कोप पुढे-मागे करा. हे वीस वेळा करून प्रत्येक वेळी अख्खा गोल दिसला की मगच रिंगांचे स्क्रू आवळा, तेही टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्याने), कंपनीने जितकं सांगितलं तितकंच. हाताच्या अंदाजाने आवळलेले स्क्रू एक तर नळी चेपतात किंवा बारागणिक सैल होतात.

त्यानंतर रेंजवर. आधी २५ यार्ड. स्कोप नळीपासून साधारण दीड इंच वर असतो, त्यामुळे १०० यार्डांवर नेम जुळवायचा असेल तर २५वर गोळी अर्धा ते पाऊण इंच खाली लागली पाहिजे. स्कोपच्या बटणाचा एक क्लिक बहुधा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) असतो; अशा क्लिकला १०० यार्डांवर इंचभर सरकायला ४ क्लिक लागतात, २५ यार्डांवर १६. हे विसरून लोक २५वर चारच क्लिक फिरवतात आणि स्कोप बिघडलाय म्हणून दुकानात परत जातात. मग १०० यार्डांवर जाऊन नीट जुळवा. हरणाच्या अंतरावर, म्हणजे वीसपासून शंभर यार्डांपर्यंत, गोळी नेमापासून इंचापेक्षा जास्त हलत नाही, म्हणून जंगलात कुठलाही हिशोब न करता सरळ खांद्यामागे नेम धरायचा. शेवटी बेंच सोडून उभ्याने, झाडाला टेकून, गुडघ्यावर बसून असे काही बार टाका, कारण जंगलात बेंच नसतो.

मोसमात पाळायच्या सवयी थोड्याच. चालताना पॉवरची कडी नेहमी सर्वांत खाली. मचाणावर बसून लांबची फट दिसत असेल तर वर न्यायला वेळ मिळतो, खाली आणायला कधीच मिळत नाही. थंडीतून थेट उबदार खोलीत आणलेल्या रायफलीच्या काचेवर वाफ धरते. रात्री रायफल रिकामी करून, कुलूपबंद पेटीत, थंड जागीच ठेवा. स्कोपच्या आतली वाफ हा आता प्रश्न राहिलेला नाही, १९४७पासून नायट्रोजन भरून सीलबंद केलेले स्कोप मिळू लागले. बाहेरच्या काचेची काळजी मात्र आपणच घ्यायची. हेमलॉकवरून बर्फाचा लोट पडला की तोंडाने फुंकू नका, श्वासाची वाफ काचेवर गोठते. खिशात छोटा ब्रश ठेवा, आणि पटकन उघडणारी झाकणं लावा.

कायद्याचं दोन ओळींत सांगतो, कारण आपल्यातल्या अनेकांना हे ठाऊक नसतं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय बंदूक घरात आणू नका. ग्रीन कार्डवाल्यांचा प्रश्न वेगळा. पहिल्यांदा लायसन्स काढताना राज्याचा हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा वर्ग करावा लागतो. पेन्सिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, तुमची बोल्ट ॲक्शन चालते. आणि हा स्कोप पुढेमागे भारतात भावाला भेट म्हणून न्यायचा विचारही करू नका. रायफल स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणात येतात, आणि भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे.

तुमच्या ४०० डॉलरचं वाटप मी असं करीन: स्कोपला २५०च्या आसपास, चांगल्या पोलादी बुटक्या रिंगा आणि बेसला ६०-७०, उरलेल्यात गोळ्यांचे दोन-तीन डबे, रेंजवर सरावासाठी. दुर्बीण घरात नसेल तर स्कोप आणखी स्वस्त घ्या आणि वाचलेले पैसे दुर्बिणीत घाला. आणि कुणाकडून जुना ३-९×४० फुकट मिळत असेल तर यातलं काहीच विकत घेऊ नका. तो ३ वर ठेवा, बुटक्या रिंगा लावा, कडीवर चिकटपट्टी मारा म्हणजे ती हलणार नाही. या मोसमाला तो पुरेल.